बोन्सायची माती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छाटणी आणि फांद्या वळवायची तार या विषयांवर लोक हौसेने बोलतात, पण झाड आजारी पडलं की गाडी येऊन थांबते ती मातीपाशी. खालचे प्रश्न लोक ज्या शब्दांत विचारतात, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत. क्रमाने वाचलेत तर साध्याकडून अवघडाकडे जाल. घाईत असाल तर ३ आणि १६ तरी चुकवू नका.

१. बागेतली चांगली माती चाळून वापरली तर काय बिघडतं?

जमिनीत काही बिघडत नाही, कुंडीत बिघडतं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो ती स्थिती आठवा. मूठभर माती दाबली तर हाताला ओल लागते पण पाणी सुटत नाही, आणि ढेकूळ बोटाने सहज फुटतं. म्हणजे मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही. मुळांना दोन्ही एकाच वेळी लागतं, कारण मुळं श्वास घेतात. प्राणवायू मिळाला नाही तर पाण्यात बुडालेलं मूळ पाणीसुद्धा ओढू शकत नाही. म्हणूनच पाणी जास्त झालेलं झाड तहानलेल्या झाडासारखीच मान टाकतं, आणि आपण घाबरून त्याला आणखी पाणी घालतो.

जमिनीत पावसानंतर वाफसा यायला दोन-चार दिवस लागले तरी निभतं. पाण्याला खाली जायला जागा असते, गांडुळं आणि कुजलेली जुनी मुळं वाटा करून देतात. पाच सेंमी खोल कुंडीत यातलं काहीच नसतं, आणि वर जवळजवळ रोज पाणी घालावं लागतं. चिकणमातीचा कण ०.००२ मिमीपेक्षाही लहान. रोजच्या पाण्याने हे कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि काही महिन्यांत कुंडीत वीट तयार होते. म्हणून बोन्साय मातीऐवजी बारीक खड्यांच्या मिश्रणात लावतात. या मिश्रणाकडे आपलं मागणं एवढंच आहे, की पाणी घातल्यावर काही मिनिटांत वाफसा यावा.

२. नुसत्या खड्यांत झाड जगतं कशावर? तिथे खायला तर काहीच नाही.

झाड आपलं अन्न पानांत बनवतं. मातीतून त्याला पाणी आणि नत्र, स्फुरद, पालाश, लोह अशी खनिजं लागतात, आणि ती आपण खतातून देऊ शकतो. कुंडीतली हवा मात्र नंतर वरून घालता येत नाही, ती मिश्रण भरतानाच ठरते. म्हणून आधी हवेची सोय करायची आणि खताचं नंतर बघायचं.

याची किंमत मोजावी लागते, हेही खरं. खड्यांच्या मिश्रणातलं झाड खताच्या बाबतीत पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असतं. वाढीच्या काळात थोडं थोडं खत नियमित द्यावं लागतं. महिनाभर विसरलात तर पानं फिकट पडून आठवण करून देतात.

३. पसरट कुंडीत निचरा जास्त चांगला होत असेल ना? खोली कमी, भोकं मोठी.

असं वाटतं खरं, पण होतं उलटं. घरातला भांडी घासायचा लांबट स्पंज घ्या. पाण्यात पूर्ण भिजवा आणि न पिळता तळहातावर आडवा ठेवा. पाणी गळेल, मग थांबेल. आता तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल! स्पंज तोच आणि भोकंही तीच, बदलली फक्त उंची.

कुंडीत हेच घडतं. निचरा थांबल्यावरही तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर उरतो. कणांमधल्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाहीत. या थराची उंची कुंडीच्या खोलीवर अवलंबून नसते, ती ठरते कणांच्या आकारावर. समजा तुमच्या मिश्रणात हा थर ४ सेंमीचा आहे. २० सेंमी खोल कुंडीत तो तळाला पडून राहील आणि वरचे १६ सेंमी मुळांना मोकळे मिळतील. पण ५ सेंमीच्या बोन्सायच्या कुंडीत वरचा एक सेंमीच काय तो कोरडा! बारीक मातीत तर हा थर अख्ख्या कुंडीपेक्षा उंच असू शकतो, मग भोकं कितीही मोठी पाडा.

म्हणून कुंडी जितकी उथळ, तितका खडा जाड लागतो. याच कारणाने नव्याने कुंडी बदललेल्या झाडाला पाणी घातल्यावर ती थोडा वेळ एका बाजूला कलती धरतात. कलती केली की एका कोपऱ्याची उंची वाढते आणि अडकलेलं पाणी सुटतं.

४. तळाशी खापऱ्या किंवा जाड खड्यांचा थर द्यावा का?

उथळ कुंडीत देऊ नये. बारीक थरातलं पाणी खालच्या जाड थरात सहजी उतरत नाही. वरचा थर गच्च होईपर्यंत ते तिथेच लटकून राहतं. म्हणजे गच्च थर (प्रश्न ३) तळाऐवजी खापऱ्यांच्या डोक्यावर बसतो आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकांवर प्लॅस्टिकची जाळी तारेने बसवली की पुरे. वरपासून खालपर्यंत मिश्रण एकाच आकाराच्या खड्यांचं असेल तर वेगळ्या थराची गरजच उरत नाही.

५. खड्याचा आकार नेमका किती हवा?

बहुतेक झाडांना २ ते ६ मिमी. तळहातावर मावणाऱ्या छोट्या बोन्सायला १ ते ३ मिमी, कारण एवढ्याशा कुंडीत मोठे खडे घातले तर मुळांना धरायला काही राहत नाही आणि मिश्रण दुपारपर्यंत सुकतं. दोन माणसांनी उचलायच्या झाडाला ८ मिमीपर्यंत गेलं तरी चालतं.

आकारापेक्षाही महत्त्वाचा आहे सारखेपणा. एक पेला गोट्या आणि एक पेला बारीक वाळू एकत्र करून बघा, दोन पेले भरत नाहीत. वाळू गोट्यांच्या मधल्या जागेत शिरते, आणि ती मधली जागा म्हणजेच तर मुळांची हवा. म्हणून तीन चाळण्या लागतात, साधारण ६, ३ आणि १.५ मिमीच्या. सहाच्या वर राहील ते बाजूला, मधले दोन थर वापरायचे, दीडच्या खाली पडेल ती धूळ कुंडीत जाऊ द्यायची नाही. ती फेकू मात्र नका, प्रश्न २१ मध्ये तिचा उपयोग आहे.

चाळताना नाकातोंडावर चांगला मास्क बांधा आणि खडे आधी किंचित ओलसर करून घ्या. ही धूळ फुप्फुसांना चांगली नाही. मी सुरुवातीला मास्कशिवाय चाळायला बसायचो आणि दोन दिवस खोकत राहायचो. त्यात काही शौर्य नव्हतं.

६. आकादामा म्हणजे काय? त्याच्याशिवाय बोन्साय होतच नाही का?

आकादामा ही जपानमधल्या कांतो भागात ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेली दाणेदार चिकणमाती. नावाचा अर्थ सरळ आहे, 'आका' म्हणजे लाल आणि 'तामा' म्हणजे गोळा. ती खणून काढतात, वाळवतात आणि आकारानुसार चाळून पिशव्यांत भरतात. अजब गोष्ट अशी, की दाणा आतून चिकणमातीचा असल्यामुळे पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो, आणि दाण्यादाण्यांच्या मधून हवा खेळते. शिवाय ओली असताना गडद आणि सुकली की फिकट दिसते, त्यामुळे पाणी कधी घालायचं ते रंगावरून कळतं. नवशिक्याला याहून मोठी मदत नाही.

जपानी बोन्सायवाल्यांना ती आवडण्याचं आणखी एक कारण सांगतात. कोवळं मूळ दाण्याच्या आत शिरतं, दाणा फुटतो, मूळ फांद्या काढतं आणि मुळांची जाळी अधिकाधिक बारीक होत जाते. जुन्या मॅपलची कुंडी उपसली की हे डोळ्यांनी दिसतं.

पण हाच तिचा दोषही आहे. दाणा फुटतो म्हणजे दोन-तीन वर्षांत त्याची माती होते. जिथे पाणी गोठतं आणि वितळतं अशा थंडीत हे आणखी लवकर होतं. नरम आणि कठीण असे तिचे प्रकार मिळतात. दाणा दोन बोटांत दाबून चुरडला गेला तर तो नरम समजा.

तिच्याशिवाय बोन्साय होतं का? अगदी होतं. आकादामा जी कामं करते ती वाटून दिली की झालं. पाणी धरायला एक घटक, हवा राखायला दुसरा. दूरवरून आणलेली पिशवी परवडत नाही म्हणून छंद सोडणाऱ्यांना मी एवढंच सांगतो, की झाडाला पिशवीवरचं नाव वाचता येत नाही.

७. प्युमिस, लाव्हा, पर्लाइट, भाजलेल्या मातीचे खडे यांतलं काय घ्यावं?

मिळेल ते, पण प्रत्येकाचा स्वभाव ओळखून.

प्युमिस हा ज्वालामुखीतून फेसासारखा बाहेर पडलेला हलका दगड. एकच घटक निवडायला सांगितलं तर मी हाच निवडेन. छिद्रांत पाणी धरतो, मधून हवा सोडतो, वर्षानुवर्षं फुटत नाही. अन्नद्रव्यं फारशी धरत नाही, तेवढं खताने भरून काढायचं. डोंगरातून आणलेलं किंवा मुळं तुटलेलं दुबळं झाड नुसत्या प्युमिसमध्ये ठेवून सावरलेलं मी अनेकदा पाहिलं आहे.

लाव्हाचे खडे जड, खरखरीत, कणखर. पाणी प्युमिसपेक्षा कमी धरतात. मिश्रण खाली बसू नये, झाड वाऱ्याने हलू नये यासाठी ते उपयोगी. कुंडी बदलताना मुळं या खड्यांना अशी घट्ट चिकटलेली असतात की सोडवताना जीव मेटाकुटीला येतो.

पर्लाइट म्हणजे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसला तापवून लाहीसारखी फुगवलेली ज्वालामुखीची काच. हवेसाठी उत्तम, वजनाला काहीच नाही. दोष दोन. पाणी घातलं की तरंगून वर येतो, आणि बोटाने चुरडला जातो. मोठ्या दाण्याचा मिळाला तर वाढीच्या कुंड्यांत जरूर वापरा. प्रदर्शनाच्या कुंडीत ते पांढरे ठिपके मला बघवत नाहीत, पण ही झाली माझी आवड. व्हर्मिक्युलाइट नावामुळे याच्याशी गल्लत होणारा पदार्थ. त्याचे पापुद्रे दबून लगदा होतो, रोपांना ठीक, बोन्सायला नको.

भाजलेल्या चिकणमातीचे खडे, म्हणजे चिकणमाती पाण्यात विरघळणार नाही इतकी तापवून केलेले, आकादामाच्या सर्वांत जवळ जातात. पाणी धरतात, अन्नद्रव्यंही धरतात. धनभार असलेली खनिजं अशी धरून ठेवण्याच्या ताकदीला शेतीच्या पुस्तकांत धनायन विनिमय क्षमता म्हणतात. ती प्युमिस आणि पर्लाइटची नगण्य, भाजलेल्या मातीची बरी, झिओलाइटची भरपूर. झिओलाइट मात्र मिठासारखं, दहा टक्क्यांच्या आसपास पुरतं. विकतचे भाजलेले खडे बरेचदा १ ते ३ मिमीचे असतात, म्हणून चाळल्याशिवाय वापरू नयेत.

पाण्यात झाडं वाढवणारे वापरतात ते गुळगुळीत मातीचे गोळे वेगळे. ते गोट्यांसारखे घरंगळतात आणि झाड त्यांत हलत राहतं. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं तुटतात. वापरायचेच असतील तर हातोडीने फोडून घ्या.

८. विटांचे तुकडे चालतात का?

चालतात, आणि चांगले चालतात. वीट म्हणजे भाजलेली चिकणमातीच. फार कडक भाजलेली, ठोकल्यावर खणखणणारी वीट पाणी कमी पिते. मध्यम भाजलेली, पाणी टाकल्यावर चटकन शोषणारी वीट आपल्याला हवी. अगदी कच्ची नको, तिचा पुन्हा चिखल होतो. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी चोळल्यावर पाणी गढूळ झालं तर ती वीट सोडून द्या.

जुन्या बांधकामातल्या विटांवर चुना किंवा सिमेंट चिकटलेलं असतं, त्याने मिश्रण अल्कधर्मी होतं. शंका असेल तर तुकड्यावर थोडं व्हिनेगर टाका. फसफसलं की चुना आहे. विटा फोडताना डोळ्यांना चष्मा लावा. कष्ट मात्र आहेत. पाटीभर विटा फोडल्या की हाती वापरण्याजोगे खडे येतात थोडे आणि धूळच फार.

९. आणि वाळू?

बांधकामाची बारीक वाळू नको, ती पोकळ्या भरून टाकते (प्रश्न ५ मधल्या गोट्या आठवा). २ मिमीच्या वरची धुतलेली जाड वाळू किंवा बारीक खडी चालते, पण ती पाणी पीत नाही आणि वजन वाढवते. समुद्राची वाळू मिठामुळे आणि शिंपल्यांच्या चुऱ्यामुळे वर्ज्य.

१०. कॅट लिटर वापरतात असं ऐकलं. खरं आहे?

कॅट लिटर म्हणजे पाळीव मांजराच्या शौचासाठी पसरतात ते दाणे. एका विशिष्ट प्रकाराबद्दल खरं आहे. भाजलेल्या मातीचं किंवा भाजलेल्या डायटमी मातीचं, वास न घातलेलं, गोळा न होणारं लिटर असेल तर. 'गोळा होणारं' लिटर बेंटोनाइट या फुगणाऱ्या चिकणमातीचं असतं, ते ओलं झालं की कुंडीत सिमेंट भरल्यासारखं बसतं. पिशवीवरच्या शब्दांवर विसंबू नका. मूठभर दाणे पेल्यात चोवीस तास भिजवा, मग ओलेच बर्फाच्या कप्प्यात गोठवून पुन्हा वितळवा, असं दोनदा करा. दाणे जसेच्या तसे राहिले तर वापरा. लगदा झाला तर ते मांजरासाठीच ठीक.

११. कोकोपीट, शेणखत, गांडूळखत किती घालावं?

शक्य तेवढं कमी. हे ऐकून पुष्कळांना वाईट वाटतं, कारण 'झाडाला खत घाला' हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं आहे. कुजणारी प्रत्येक गोष्ट शेवटी बारीक होते, आणि बारीक कण काय करतात ते प्रश्न १ मध्ये आलं आहे. कुजताना ती मुळांच्या वाट्याचा प्राणवायूही खाते. अर्धवट कुजलेलं शेणखत तर कुंडीत गरम होऊन मुळं जाळतं.

पाणी धरण्यासाठी थोडा सेंद्रिय घटक हवाच असेल तर माझी पसंती चाळलेल्या, जाड, कुजवलेल्या सालीच्या तुकड्यांना. कोकोपीटही चालतं, पण त्यात क्षार असू शकतात, म्हणून दोन-तीनदा धुऊन घ्यावं आणि त्यातली पीठासारखी भुकटी चाळून टाकावी. एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये. खत मात्र मिश्रणात न घालता वर ठेवावं. कापडी पुडीत बांधलेलं सेंद्रिय खत मातीवर ठेवलं की पाण्याबरोबर थोडं थोडं उतरतं, आणि जास्त वाटलं तर उचलून घेता येतं.

१२. सरळ एक प्रमाण सांगा ना!

बरं. आकादामा, प्युमिस आणि लाव्हा समान भाग, हे जगभर सर्वाधिक चालणारं मिश्रण. आकादामा नसेल तर तिच्या जागी भाजलेल्या मातीचे किंवा विटेचे खडे. ही मापं डब्याने मोजायची, वजनाने नाही, कारण लाव्हा आणि पर्लाइट यांच्या वजनात जमीनअस्मानाचा फरक आहे.

आता खरा प्रश्न तुम्हाला: दिवसातून किती वेळा पाणी घालू शकता? कोरड्या उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ घालणं जमत असेल तर वरचं मिश्रण आहे तसं घ्या. एकदाच जमत असेल तर पाणी धरणारा घटक अर्ध्यापर्यंत न्या. नेहमी बाहेरगावी असाल तर पाचवा हिस्सा सालीचे तुकडे घाला आणि वर शेवाळाचा पातळ थर द्या. उलट, झाडाला दिसेल तेव्हा पाणी घालायची सवय असेल, आणि ही सवय फार लोकांना आहे, तर लाव्हा किंवा प्युमिस वाढवा. दुसऱ्याच्या मिश्रणाने त्याची झाडं फोफावतात आणि आपली मरतात, कारण आपण मिश्रण उचलतो पण त्याचा पाण्याचा हात उचलत नाही.

१३. फायकस, जेड, ज्युनिपर सगळ्यांना हेच चालेल?

थोडं इकडेतिकडे करून, हो. फायकस म्हणजे वड, पिंपळ, उंबर हे सोशीक गडी, बहुतेक काहीही पचवतात. जेड आणि अडेनियम पाणी पोटात साठवतात, त्यांना पाणी धरणारा घटक पाव हिस्साच द्या, बाकी प्युमिस-लाव्हा. ज्युनिपर आणि पाइनलाही हवा जास्त हवी. मॅपल आणि पातळ मोठ्या पानांची झाडं तहानलेली असतात, त्यांना आकादामा अर्ध्याहून जास्त, काही जण नुसतीच. बोगनवेल मुळं डिवचलेली खपवून घेत नाही, मिश्रणापेक्षा तिथे हात हलका ठेवण्याला महत्त्व आहे. अझेलियाचं प्रकरण वेगळं, ते पुढच्या प्रश्नात.

१४. अझेलियाची पानं पिवळी, शिरा हिरव्या. खत तर वेळेवर देतो.

हे लोहाच्या कमतरतेचं चित्र आहे, पण बहुधा कुंडीत लोह कमी नसतं. सामू, म्हणजे पीएच, वर गेला की लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. अझेलियाला ४.५ ते ५.५ च्या आसपासचा आम्ल सामू लागतो. जपानमध्ये त्यासाठी कानुमा वापरतात, तोचिगी प्रांतातल्या कानुमा शहराच्या परिसरातला पिवळसर, नरम, आम्ल प्युमिस. तो नसेल तर प्युमिस आणि पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) किंवा पाइनची साल यांचं मिश्रण करा. या एका झाडासाठी मी प्रश्न ११ मधला नियम सैल करतो.

मिश्रण बरोबर असूनही पिवळेपणा जात नसेल तर पाण्याकडे बघा. जड पाण्यातले बायकार्बोनेट महिनोन्‌महिने सामू चढवत राहतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसतो ती त्याचीच खूण. साठवलेलं पावसाचं पाणी हा सर्वांत साधा इलाज.

१५. मिश्रण बरोबर जमलं की नाही हे झाड लावायच्या आधी कसं कळेल?

मोजून. ज्या कुंडीत झाड लावायचं तीच घ्या, कारण खोली बदलली की उत्तर बदलतं (प्रश्न ३). भोकं बाहेरून चिकटपट्टीने बंद करा आणि कुंडीत काठापर्यंत किती पाणी मावतं ते मोजा. समजा १ लिटर. कुंडी रिकामी करून तिच्यात भिजवून निथळलेलं मिश्रण काठापर्यंत भरा, आणि पृष्ठभागावर पाणी दिसेपर्यंत हळूहळू पाणी घाला. आता परातीवर धरून पट्टी काढा आणि गळलेलं पाणी मोजा. ते २५० मिली भरलं तर कुंडीच्या २५ टक्के जागेत हवा आहे. मी २५ ते ३५ च्या दरम्यान बघतो. २० च्या खाली आलं तर पुन्हा चाळणी हातात घ्यायची.

१६. नवीन खडे भरून कुंडी बदलली, रोज पाणी घालतो, तरी झाड सुकतंय. असं का?

मुळांचा जुना गोळा चिकणमातीचा होता का? तसं असेल तर दोन वेगळ्या माती शेजारी शेजारी आल्या आहेत. वरून घातलेलं पाणी सोपी वाट धरतं. ते गोळ्याच्या बाजूने खड्यांतून सुळकन खाली जातं, भोकांतून बाहेर येतं, आणि आपण समाधानाने झारी खाली ठेवतो. आत गोळा कोरडाठाक. उलट एकदा का तो भिजला, की भोवतीच्या खड्यांत पाणी सोडत नाही आणि आतली मुळं गुदमरतात. एकाच कुंडीत दुष्काळही आणि पूरही.

माझं एक ज्युनिपर असंच गेलं. ते मेल्यावर उपसलं तेव्हा बाहेरचे खडे ओले होते आणि मधला नारळाएवढा गोळा सुरीने कापावा लागला. आतून धूळ निघाली. तोपर्यंत मी खताला, उन्हाला, किडीला दोष देत होतो.

झाड अजून जिवंत असेल तर आत्ता उपसू नका. पातळ काडीने गोळ्यात वरून सावकाश भोकं पाडा, त्यांत बारीक खडे सारा, आणि आठवड्यातून एकदा कुंडी काठापर्यंत पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा. योग्य हंगाम आला की गोळ्याच्या एका बाजूची अर्धी माती पाण्याच्या धारेने पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूला हात लावू नका. उरलेली बाजू पुढच्या वेळी, एक-दोन वर्षांनी. फायकससारखं दणकट झाड एकदम सगळी माती काढली तरी सोसतं, ज्युनिपर आणि पाइन नाही.

१७. पाइनच्या मुळांना पांढरी बुरशी दिसली. काढून टाकू?

अजिबात नाही. मशरूमसारखा छान वास येत असेल तर ती मायकोरायझा, मुळांची सोबतीण. कुंडी बदलताना जुन्या मातीतली मूठभर नव्या मिश्रणात घाला. वास कुजका असेल आणि मूळ काळं, पचपचीत असेल तर ती मूळकूज, तेवढा भाग कापायचा.

१८. पाणी आत न जाता वरूनच वाहून जातं.

एक तर पीट किंवा कोकोपीट पूर्ण वाळून पाणी झिडकारतंय, नाही तर वरचा थर धूळ आणि शेवाळाने बंद झालाय. पहिल्यासाठी प्रश्न १६ मधली बुडवणी. दुसऱ्यासाठी वरचा सेंटीमीटरभर थर खरवडून नवे खडे पसरा. दोन्ही करूनही पाणी रेंगाळत असेल तर मुळांनीच कुंडी भरली आहे, आता ती बदलायची वेळ झाली.

१९. जुने खडे पुन्हा वापरता येतात का?

लाव्हा, प्युमिस, वीट खुशाल वापरा. कडक उन्हात वाळवा, चाळा, मुळांचे तुकडे वेचा, उकळतं पाणी ओता. जुनी आकादामा चाळणीत उरलीच तर वापरा, फारशी उरत नाही. झाड मूळकुजीने गेलं असेल किंवा मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी असतील तर ते खडे पुन्हा कुंडीत नकोत.

२०. खोड अजून बोटाएवढं आहे. त्यालाही एवढं सगळं करायचं?

नाही. खोड जाड व्हायला झाड मोकळं वाढावं लागतं. जमिनीत किंवा खोल, मोठ्या कुंडीत लावा. खोल कुंडीत गच्च थर तळाशी राहतो, म्हणून थोडा जास्त सेंद्रिय घटकही चालून जातो. जाड पर्लाइट आणि सालीचे तुकडे निम्मे निम्मे, एवढं पुरे. निवडक खडे उथळ कुंडीच्या वेळेसाठी ठेवा. फक्त एक लक्षात असू द्या, चिकणमातीत वाढवलंत तर पुढे प्रश्न १६ तुमची वाट बघत असेल.

२१. खडकावर झाड बसवायचंय. उतारावर खडे टिकतच नाहीत, मग?

इथे वरचं सगळं उलटं होतं. खडकावर चिकट मातीच लागते. जपानी लोक केतो वापरतात, पाणथळ जागी वनस्पती कुजून बनलेली काळी, पिठासारखी मळता येणारी माती. तिच्यात प्रश्न ५ मध्ये बाजूला ठेवलेली आकादामाची धूळ आणि बारीक चिरलेलं स्फॅग्नम मॉस (दलदलीत वाढणारं शेवाळ) घालून घट्ट मळायचं आणि खडकावर थापायचं. केतो नसेल तर चिकणमाती, चाळलेलं पीट आणि मॉस यांचा गोळा करून भागतं.

मुळं यात गुदमरत का नाहीत? कारण इथे कुंडीच नाही. मातीचा पातळ थर उताराला चिकटलेला असतो, त्याची एक बाजू सगळीच्या सगळी उघडी, आणि वरपासून खालपर्यंत उंची भरपूर. म्हणजे उभा केलेला स्पंज. मातीवर शेवाळ लावून दोऱ्याने गुंडाळा, नाही तर पहिल्याच जोरदार पावसात ती धुपून खाली येईल. ती सुकू मात्र देऊ नका. केतो एकदा कडक सुकली की पुन्हा भिजता भिजत नाही.